टाचणात मुलांची उत्तरं

(दृश्य : प्राथमिक शाळेतला वर्ग. तास सुरू आहे.)

चौथीचा गणिताचा तास. वर्गात मुलं तिसेक आहेत, आणि भिंतींना लागून उभे असलेले शिक्षक त्याहून जास्त. प्रत्येकाच्या हातात या तासाचं छापील टाचण, म्हणजे पाठाचा आधी लिहिलेला आराखडा. कोणी कुजबुजत नाही, कोणी मुलांच्या वहीत बोट घालून चूक दाखवत नाही. मुलांनाही या पाहुण्यांचं अप्रूप नाही. ती आपल्या कामात आहेत.

हे कुशिरो. जपानच्या होक्काइदो बेटाच्या पूर्वेकडचं शहर. विद्यापीठाला जोडलेल्या शाळेत आज खुला पाठ आहे. खिडकीजवळ वही घेऊन उभ्या आहेत त्या बाई साताऱ्याच्या. पाटण तालुक्यात, डोंगरातल्या एका वाडीवर झेडपीची द्विशिक्षकी शाळा आहे. तिथं तिसरी आणि चौथी या दोन्ही इयत्ता एकाच खोलीत त्या एकट्या शिकवतात.

सेवेत असलेल्या परदेशी शिक्षकांसाठी जपानच्या शिक्षण मंत्रालयाची एक शिष्यवृत्ती आहे. दीड वर्षाचा मुक्काम. आधी भाषा शिकायची, मग विद्यापीठात अभ्यास आणि शाळांमधून निरीक्षण. वय पस्तिशीच्या आत हवं आणि नोकरीची पाच वर्षं पूर्ण झालेली हवीत. भारतातून अर्ज जपानच्या वकिलातीमार्फत होतात. आपल्याकडच्या फार थोड्या शिक्षकांना हे ठाऊक आहे, म्हणून इथं मुद्दाम सांगतो आहोत.

या निरीक्षणाला हल्ली जॉब शॅडोइंग म्हणतात. एका शिक्षकाच्या पाठोपाठ दिवसभर राहायचं. शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. बघायचं आणि लिहायचं.

(दृश्य : फळ्यावर खडूने काढलेली आकृती.)

फळ्यावर एक आयत आहे. रुंदी 6 सेंटिमीटर, उंची 5. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून 3 बाय 2 चा तुकडा कापून टाकलेला. उरलेल्या आकृतीचं क्षेत्रफळ किती? आयताचं क्षेत्रफळ मुलांना येतं. अशी कोपरा गेलेली आकृती मात्र त्यांनी पूर्वी पाहिलेली नाही.

सेन्सेई, म्हणजे इथले शिक्षक, प्रश्न लिहितात आणि गप्प होतात. मग बाकांमधून हिंडू लागतात. हातात वर्गाचा बैठक-नकाशा आहे. कोणत्या मुलाने कोणती वाट धरली, ते त्या त्या चौकोनात टिपून ठेवतात. एक मुलगी चौकटी मोजते आहे. कोणी उभी रेघ मारून दोन आयत केले, 15 आणि 9. कोणी आडवी मारली, 6 आणि 18. कोणी पूर्ण आयत धरून 30 काढले आणि त्यातून 6 वजा केले. सगळ्यांचं उत्तर 24.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा केव्हापासून हात वर करून बसला आहे. सेन्सेई त्याच्याकडे बघतात आणि दुसऱ्याच मुलीला उठवतात, त्या चौकटी मोजणारीला. मग उभ्या रेघेवाला, मग आडव्या रेघेवाली. बाईंनी वहीत लिहिलं : हात वर करणाऱ्याला का डावललं?

उत्तर शेवटच्या दहा मिनिटांत मिळालं. त्या मुलाने उरलेल्या आकृतीतला वरचा 3 बाय 2 चा तुकडा कापून, फिरवून, खालच्या पट्टीच्या शेजारी उभा केला होता. आठ गुणिले तीन, एकच आयत! वर्ग आनंदाने ओरडला. हाच मुलगा पहिला उठला असता तर बाकीच्यांना बोलायला काही उरलं नसतं. आणि सेन्सेईंचा खरा प्रश्न इथून पुढे होता. त्यांनी खालच्या पट्टीची उंची 3 ऐवजी 4 केली आणि विचारलं, "आता हा तुकडा बसेल?" बसत नव्हता. मग कधी बसतो? तास संपला तेव्हा मुलं याच प्रश्नावर वाद घालत होती.

तासभरात फळा एकदाही पुसला गेला नाही. डावीकडे प्रश्न, मग एकेका मुलाच्या नावासह त्याची रीत, उजव्या कडेला वर्गाने मिळून काढलेला निष्कर्ष. मागच्या बाकावरून मान वर केली तरी तासाचा सगळा प्रवास समोर दिसावा, अशी त्याची मांडणी. यासाठी खडू आणि फळा पुरला.

(दृश्य : तोच वर्ग. मुलं गेली आहेत. शिक्षक मुलांच्या बाकांवर बसले आहेत.)

मुलं घरी गेल्यावर चर्चा. पहिल्यांदा पाठ घेणारे शिक्षक बोलतात. मग बाकीचे. आणि ते शिक्षकाबद्दल बोलत नाहीत, मुलांबद्दल बोलतात.

एका तरुण शिक्षिकेने तासभर एकाच मुलीची वही पाहिली होती. ती म्हणाली, या मुलीने आकृतीचे दोन भाग बरोबर पाडले, पण दुसऱ्या भागाची रुंदी 3 ऐवजी 6 धरली. तिचं उत्तर आलं 33. फळ्यावर 24 आल्यावर तिने गुपचूप खोडलं आणि 24 लिहिलं.

खोलीत जरा वेळ शांतता. मग एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, पूर्ण आयतच 30 चा आहे. कोपरा कापल्यावर 33 कसं येईल? हे उत्तर फळ्यावर यायला हवं होतं. क्षेत्रफळ म्हणजे काय, हे सगळ्या वर्गाला त्या 33 ने सांगितलं असतं. पाठ घेणाऱ्या सेन्सेईंनी हे स्वतःच्या टाचणावर लिहून घेतलं.

हे टाचण जवळून बघण्यासारखं आहे. डी.एड.ला सराव पाठ घेतलेल्या प्रत्येकाला आपलं टाचण आठवत असेल. शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आपण लिहीत आलो : "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात", "विद्यार्थी उत्तर देतात". इथल्या टाचणात त्याच जागी मुलांची संभाव्य उत्तरं आहेत. बरोबर, अर्धवट, चुकीची, सगळी. प्रत्येकापुढे शिक्षक काय विचारणार तेही. पाठ घेण्याआधी या एका पानावर शाळेतले शिक्षक मिळून अनेक आठवडे बसलेले असतात. 33 त्यांच्याही पानावर नव्हतं. पुढच्या वर्षी असेल.

पाठ मिळून आखायचा, मिळून पाहायचा आणि त्यावर बोलायचं, याला जपानमध्ये जुग्यो केनक्यू म्हणजे पाठाचा अभ्यास म्हणतात, आणि याची मुळं मेजी काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. 1871 मध्ये जपानचं मोठं शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर निघालं, इवाकुरा शिष्टमंडळ. त्यातल्या तानाका फुजिमारो यांच्याकडे शाळा पाहण्याचं काम होतं. 1872 मध्ये तोक्योत पहिली नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा सुरू झाली. तिथं मॅरियन स्कॉट हे अमेरिकी शिक्षक पूर्ण वर्गाला एकत्र शिकवायची पद्धत दाखवत, आणि भावी शिक्षक ती पाहून शिकत. पुढच्याच वर्षी त्या संस्थेला जोडून प्राथमिक शाळा निघाली. तीच आजची त्सुकुबा विद्यापीठाची प्राथमिक शाळा. तिथले खुले पाठ पाहायला आजही देशभरातून शिक्षक येतात. दुसऱ्याच्या वर्गात उभं राहून शिकण्यावर या देशाची शाळाच उभी आहे.

(दृश्य : पांढरे कोट आणि टोप्या घातलेली मुलं जेवण वाढत आहेत.)

जपानी शाळेची जी दृश्यं आपण मोबाइलवर पाहतो ती इथंही आहेत. बाहेरचे बूट दारात, आतले वेगळे. मुलं जेवण वाढतात, वर्ग झाडतात. मुलांच्या आधी मुख्याध्यापक जेवण चाखतात. छान आहे, पण या दृश्यांनी आपली फसगत होते असं आम्हाला वाटतं. डोळ्यांना दिसतं ते उचलणं सोपं असतं. साताऱ्याच्याच कुमठे बीटातल्या, म्हणजे कुमठे आणि आसपासच्या गावांतल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक यायचे. 2015 मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः विचार करून आपलं ज्ञान घडवतं हा विचार, गावोगाव पोचला. बऱ्याच शाळांमध्ये पोचल्या त्या मात्र फरशीवर रंगवलेल्या आकृत्या. त्या आकृतीपाशी बसून मूल काय विचार करतं, हे टिपणारी कुमठ्याच्या शिक्षकांची नजर रंगाच्या डब्यातून येणार नव्हती.

(दृश्य : बर्फाळ रस्ता. मैदानात गोठवलेली स्केटिंगची रिंक.)

बाईंना ज्या शाळेची ओढ होती ती शहराबाहेर आहे. गोठ्यांचं गाव, दूरदूर घरं. हिवाळ्यात पालक मैदानावर पाणी शिंपडून बर्फ धरवतात आणि मुलं तिथंच स्केटिंग शिकतात. पट इतका कमी की तिसरी आणि चौथी एकत्र बसते. जपानच्या कायद्याने लागोपाठच्या दोन इयत्ता मिळून 16 पर्यंत मुलं असतील तर एक वर्ग करता येतो. पहिली असेल तर 8. म्हणजे पाटणच्या बाई जे रोज करतात तेच.

खोलीत दोन फळे, एक पुढे, एक मागे. तिसरीची तोंडं पुढे, चौथीची मागे. सेन्सेई दोन्हींच्या मध्ये ये-जा करतात.

पाहिलं तर आपल्यासारखंच. आपणही एका इयत्तेला पाढे लिहायला देतो आणि दुसरीला शिकवतो. फरक घड्याळ लावून पाहिल्यावर कळला. बाईंनी वहीच्या पानावर दोन उभे रकाने केले आणि दोन्ही इयत्तांचा तास मिनिटामिनिटाने लिहिला. तिसरीला नवा प्रश्न समजावताना सेन्सेई त्यांच्याजवळ. त्याच वेळी चौथी कालच्या रीतीने स्वतः सोडवते आहे. तिसरी सोडवायला लागली की सेन्सेई चौथीकडे, आणि नेमकी तेव्हाच चौथीची चर्चा सुरू होते. शिक्षकाची गरज कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हे आधी ठरवून दोन तास एकमेकांत बसवलेले.

सेन्सेई नसतात तेव्हा वर्ग चालवायला एक मूल असतं. पाळीपाळीने प्रत्येकाचा नंबर येतो. आज दहा वर्षांची एक मुलगी पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन उभी आहे. "प्रश्न वाचूया." "आपापलं सोडवा, सात मिनिटं." "कोणाची रीत वेगळी आहे?" एकाने उत्तर सांगितलं तर ती विचारते, "असं का?" हे कार्डावर लिहिलेलं नाही. सेन्सेईंच्या तोंडून ऐकून तिच्या तोंडी बसलं आहे.

बाईंच्या वहीतलं हे सगळ्यांत भरलेलं पान आहे.

या गावातही शाळा बंद होण्याची टांगती तलवार आहे. जन्मदर घटतो आहे, शाळा एकमेकींत विलीन होताहेत. पटसंख्येच्या कागदावर आपली शाळा शोधणाऱ्या आपल्या शिक्षकांना ही काळजी कोणी समजावून सांगायला नको.

(दृश्य : संध्याकाळ. शिक्षकांची खोली.)

संध्याकाळ झाली आणि दिवे चालूच आहेत. सगळ्या शिक्षकांची टेबलं एकाच खोलीत, समोरासमोर. वह्या तपासणं, पालकांना फोन, उद्याची तयारी. हेही दाखवलं पाहिजे. 2018 च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या निम्न माध्यमिक शिक्षकांनी आठवड्याला 56 तास काम सांगितलं, सहभागी देशांत सगळ्यांत जास्त. 1971 च्या एका कायद्याने तिथल्या सरकारी शिक्षकांना जादा कामाचे पैसे न देता पगाराच्या 4 टक्के भत्ता मिळत आला. तो टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर न्यायचं 2025 मध्ये ठरलं. आणि 2023-24 मध्ये वर्षभरात तीस किंवा अधिक दिवस शाळेकडे पाठ फिरवलेली मुलं प्राथमिक आणि निम्न माध्यमिक मिळून साडेतीन लाखांच्या घरात होती. मुलांचा विचार इतक्या बारकाईने करणाऱ्या देशात हे आहे. बाईंनी याबद्दल एका शिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही खरं आहे," आणि पुन्हा वह्यांकडे वळली.

(दृश्य : पाटण तालुका. केंद्रशाळा, शिक्षण परिषद.)

केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांचे शिक्षक दर महिन्याला शिक्षण परिषदेला जमतात. परिपत्रकं वाचली जातात, माहिती भरून द्यायची असते, चहा होतो. परतलेल्या बाईंनी केंद्रप्रमुखांकडे त्याच कोपरा गेलेल्या आकृतीच्या पाठासाठी एक तास मागून घेतला. मुलांसकट.

जपानबद्दल भाषण झालं नाही. फोटोही दाखवले नाहीत. प्रत्येक शिक्षकाला दोन मुलं वाटून दिली. तासभर फक्त त्या दोघांची वही बघायची, बोलायचं नाही, खुणावायचं नाही. हे सोपं नव्हतं. एका गुरुजींचा हात दोनदा मुलाच्या पेन्सिलीकडे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला.

तासानंतर ते गुरुजीच पहिल्यांदा बोलले. त्यांच्या वाट्याच्या मुलाने परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत केली होती. सगळ्या बाजू मिळवून 22 काढले आणि पुढे चौरस सेंटिमीटर लिहिलं. "माझ्या वर्गातही हेच होतं," गुरुजी म्हणाले, "पण मूल ते कुठल्या क्षणी करतं हे आज पाहिलं."

22 आता टाचणावर गेलं आहे. त्याच्याखाली 33 आहे. पुढच्या महिन्याचा पाठ तिसरीचा, हातच्याच्या वजाबाकीचा. तो गुरुजी घेणार आहेत, आणि 52 वजा 27 ला मुलं काय काय उत्तरं देतील याची यादी करायला चौघं शनिवारी शाळा सुटल्यावर बसणार आहेत.