गिझरचा धूर गच्चीवर

[दृश्य: सदाशिव पेठेतल्या एका जुन्या तीन मजली इमारतीची गच्ची. सकाळचं ऊन. कोब्यावर खडूनं आखलेलं वर्तुळ.]

निवेदन:
या गच्चीच्या स्लॅबला आज एक भोक पडणार आहे. सात इंच व्यासाचं. बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या गॅलरीत, एक नवा गॅस गिझर बसायचाय. त्याचा धूर या भोकातून वर येऊन मोकळ्या हवेत जाईल. गिझर अजून खोक्यातच आहे. धुराची वाट तयार झाल्याशिवाय मिस्त्री तो खोक्यातून काढणार नाहीत.

पुण्यात गॅस गिझर असलेल्या बऱ्याच घरांत याच्या उलट घडतं. गिझर बाथरूमच्या भिंतीला टांगतात, पाण्याची जोडणी होते, गॅसची जोडणी होते, गरम पाणी आलं की काम संपतं. धूर कुठे जातो हे कुणी विचारत नाही, कारण तो डोळ्यांना दिसतच नाही.

[दृश्य: बाथरूम. भिंतीवर जुना गिझर. वर लहानशी काचपट्ट्यांची खिडकी, वर्तमानपत्र लावून बंद केलेली.]

हा या घरातला जुना गिझर. सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा. शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम मोठे करून या खोलीत ठेवावेत, एवढी आग त्याच्या पोटात असते. आणि ही खोली केवढी? चार फूट बाय सहा फूट, उंची नऊ. म्हणजे आत हवा साधारण सहा घनमीटर.

असा गिझर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांची अंघोळ धरली, तर दोन घनमीटर. दार लावलेलं, डिसेंबरच्या थंडीत खिडकीही लावलेली. दहा मिनिटांत ही ज्योत खोलीतल्या एक तृतीयांश हवेतला प्राणवायू संपवू शकते, आणि त्याच हवेत माणूस श्वास घेत असतो.

ज्योतीची उपासमार त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. निळी ज्योत पिवळी पडते. गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, म्हणून गळती झाली की नाकाला कळतं. पण ते रसायन ज्योतीत जळून जातं. जळाल्यानंतर जे उरतं, त्याची खबर देणारं काहीही त्यात नसतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साईडला दोनशेपटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागा राहत नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, पाय लटपटतात. दार उघडून बाहेर पडावं एवढं सुचायच्या आत माणूस खाली बसतो. मग घरचे म्हणतात बाथरूममध्ये पाय घसरला, बीपी कमी झालं, फिट आली. गॅस गिझरच्या बाथरूममध्ये आलेल्या झटक्यांची आणि मेंदूला झालेल्या इजेची नोंद आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केलेली आहे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशा मृत्यूची एखादी बातमी येते, आणि ती वाचून आपण पान उलटतो. मला या बातम्या वाचवत नाहीत. यातलं प्रत्येक मरण टाळता आलं असतं.

[दृश्य: गिझरवरचं लेबल. टायमरची नोंद.]

या गिझरला वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. आत्ताचा हिशोब दहा मिनिटांचा होता. एकामागून एक तिघांची अंघोळ झाली, तर तिसऱ्याच्या वाट्याला कसली हवा येते, याचा विचार करा. तिसरं बहुतेक वेळा घरातलं लहान मूल असतं किंवा म्हातारं माणूस.

[दृश्य: तांबट आळी. हातोड्यांचा आवाज. ओळीनं मांडलेले तांब्याचे बंब.]

कसबा पेठेतली तांबट आळी. इथे घडणाऱ्या बंबाकडे नीट पाहा. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, भोवती पाणी. खालून हवा आत येते, वरून धूर बाहेर पडतो. वाड्यांमध्ये बंब पेटायचा तो अंगणात, पडवीत, नाहीतर मागच्या दारी. पाणी बादलीतून न्हाणीघरात यायचं, आग बाहेरच राहायची. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण आग आत घेतली आणि वरची नळी मात्र मागे सोडून आलो.

[दृश्य: मागची गॅलरी. वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या. तिन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या.]

नवा गिझर इथे, गॅलरीत बसणार. बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाईप जाईल.

या घरातल्या काकूंनी मिस्त्रींना विचारलं, "अहो दादा, गॅलरीच आहे ना ही? मग वर पाईप कशाला? इथला धूर इथेच जाईल की."

मिस्त्रींनी सगळ्या स्लायडिंग ओढून लावल्या आणि म्हणाले, "आता सांगा काकू, ही गॅलरी आहे की खोली?"

पुण्यातल्या हजारो गॅलऱ्यांची हीच गोष्ट आहे. धूळ नको, डास नकोत, कबुतरं नकोत, म्हणून काचा बसल्या. जागा वाढली, हवा थांबली. हिवाळ्यात या काचा रात्रभर बंद असतात आणि सकाळी पहिला गिझर त्याच हवेत पेटतो. गॅलरीला लागूनच स्वयंपाकघर, त्याला लागून झोपायची खोली. म्हणून धुराला स्वतःची वाट हवी, आणि बाहेरची हवा आत यायलाही कायमची उघडी जागा हवी. इथे स्लायडिंगच्या चौकटीत दोन जाळ्या बसवल्यात, एक वर छताजवळ, एक खाली जमिनीजवळ. त्यांना झडप नाही. कुणालाही त्या बंद करता येऊ नयेत हाच हेतू. खालच्या जाळीचा आणखी एक उपयोग: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, तो तिथून निघून जाऊ शकतो.

आता गिझर. जुन्या गिझरच्या माथ्यावर नुसत्या खाचा आहेत, पाईप जोडायला कॉलरच नाही. अशा गिझरवर पत्र्याचं झाकण ठोकून पाईप अडकवणारे लोक आहेत. त्यानं ज्योतीचा सगळा हिशोब बिघडतो. नव्याला चार इंचाची कॉलर आहे. कॉलर चार इंच, तर पाईप शेवटच्या टोकापर्यंत चार इंचच. मध्ये कुठेही बारीक करायचा नाही. आणि गिझर ज्या गॅसचा, त्याच गॅसला जोडायचा. या घरात सिलिंडर आहे. उद्या एमएनजीएल कंपनीचा पाईपमधून येणारा नैसर्गिक गॅस आला, तर बर्नरचे जेट बदलून घ्यावे लागतील, कारण दोन्ही गॅसना वेगवेगळ्या मापाचं भोक लागतं.

[दृश्य: मिस्त्री पाईपचे तुकडे जमिनीवर मांडतात. एक तुकडा कॅमेऱ्यासमोर धरतात.]

हा स्टेनलेस स्टीलचा दुपदरी पाईप. दोन पत्रे, मध्ये पोकळी. पोकळीमुळे आतला धूर गरम राहतो, आणि गरम राहिला तरच तो हलका राहून वर चढतो. पंखा नसलेल्या गिझरमध्ये धूर ओढणारी ताकद एवढीच: आतली गरम हवा आणि बाहेरची थंड हवा यांच्या वजनातला फरक. पाईप उभा आणि उंच असेल तर ओढ वाढते. आडवा केला, कोपरे दिले, थंड पडू दिला, तर ओढ मरते. म्हणून गिझरपासून निघाल्यावर निदान दोन फूट सरळ वर, एकही एल्बो नाही. इथे तर शेवटपर्यंत सरळच जाणार आहे. वरच्या मजल्याचा हा फायदा.

तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्याच्या तोंडावर बाहेरून बसत नाही ना, याकडे बघा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. पावसाच्या पन्हाळीचा नियम ते इथे लावतात. धुराच्या पाईपचं बारीक तोंड धुराच्या दिशेनं, म्हणजे वरच्या बाजूला. 

काकूंच्या मुलानं मोबाईलवर एक अमेरिकन व्हिडिओ दाखवला. तिथे घर तापवणाऱ्या गॅस फर्नेसचा धूर पांढऱ्या पीव्हीसी पाईपमधून छपरावर नेलाय. मग इथे का नको? तिथल्या त्या प्रकारच्या फर्नेस धुरातली जवळजवळ सगळी उष्णता काढून घेतात. इतकी, की त्यातली वाफ आतच पाणी होऊन वेगळ्या नळीनं गळते आणि उरलेला कोमट धूर पंखा ढकलतो. आपल्या गिझरचा धूर शंभर अंशांच्या बराच वर असतो. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. तो पाईप इथे वाकेल, सांधे सुटतील आणि धूर घरातच राहील. स्वयंपाकघराच्या चिमणीचा घडीचा ॲल्युमिनियम पाईपही नको. त्याच्या प्रत्येक वळीत धूर अडखळतो, आणि तो सहज फाटतो.

[दृश्य: कोअर कटिंगचं मशीन. पाण्याची धार. गोल सिमेंटचा गोळा बाहेर निघतो.]

भोक हातोड्या-छिन्नीनं पाडायचं नाही. इमारत जुनी आहे. सळया कुठे आहेत, तुळई कुठून जाते हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनं आधी खूण करून दिलंय, आणि सोसायटीचं पत्रही हातात आहे. भोकात जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, स्लीव्ह (बाहेरची नळी) बसली. तिच्यातून धुराचा पाईप जातो. दोन्हींच्या मधली फट सिमेंटनं भरायची नाही. पाईप तापला की वाढतो, थंड झाला की आक्रसतो. त्याला सिमेंटमध्ये आवळलं की सांधा नाहीतर कोबा, काहीतरी तडकतंच. स्लीव्ह कोब्याच्या वर वीतभर ठेवलीय, भोवती वॉटरप्रूफिंगची गोलाई. पाईपला वर एक पत्र्याची छत्री, स्लीव्हच्या तोंडावर झुकलेली. जुलैतला पाऊस छत्रीवरून गच्चीवर जाईल.

[दृश्य: गच्ची. पाईप वर येतो. टेपनं माप.]

पाईप गच्चीवर किती उंच न्यायचा? फूटभर वर आला की टोपी लावून मोकळे होणारे खूप आहेत. पण इथे साडेतीन फुटांचा कठडा आहे, अगदी जवळ. कठड्यावर आदळलेला वारा आतल्या बाजूला गरगरतो आणि पाईपच्या तोंडात शिरून धूर खाली दाबतो. गॅसच्या धुराच्या पाईपसाठी अमेरिकेत एक नियम आहे: छपरातून जिथे बाहेर पडतो तिथून किमान दोन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत बांधकामाचा जो काही भाग असेल त्याहून दोन फूट उंच. तोच इथे लावला. साडेतीन अधिक दोन, साडेपाच फूट. जूनपासून पश्चिमेचा वारा जोरात असतो, म्हणून तीन बाजूंनी तारेचे ताण. टोपीला जाळी आहे, कबुतरांसाठी. बारीक मच्छरदाणीसारखी जाळी लावायची नाही, ती काजळीनं बुजते.

[दृश्य: गॅलरी. गिझर बसलाय. काकू उदबत्ती पेटवतात.]

आता खरी परीक्षा. सगळ्या खिडक्या बंद. स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगावर, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन चालू. गिझर पेटवला, पाच मिनिटं थांबलो. मग कॉलरजवळच्या फटीपाशी उदबत्ती धरली.

सगळे पंखे मुद्दाम चालू ठेवलेत, कारण धोका तिथेच आहे. स्वयंपाकघराची चिमणी घरातली हवा प्रचंड वेगानं बाहेर फेकते. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. दुसरी वाट नसेल तर ती गिझरच्या पाईपमधूनच उलटी खाली येते, धुरासकट. "आमच्याकडे एक्झॉस्ट आहे, काळजी नाही" असं म्हणणाऱ्या घरात हाच एक्झॉस्ट घात करू शकतो.

उदबत्तीचा धूर फटीतून आत ओढला गेला. जाळ्या झाकून पुन्हा पाहिलं. धूर डगमगला आणि काकूंच्या चेहऱ्याकडे वळला. मिस्त्रींनी लगेच गिझर बंद केला, जाळ्या उघड्या केल्या. "काकू, थंडी वाजते म्हणून यावर पुठ्ठा लावायचा नाही. कधीच नाही."

झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावलाय. दर वर्षी, थंडी पडायच्या आधी, गिझरच्या पात्यांमधली काजळी साफ करायची, टोपी तपासायची, उदबत्ती लावून पाहायची. आणि कुणी कोसळलंच, तर दारं-खिडक्या उघडून, गॅस बंद करून, माणसाला मोकळ्या हवेत ओढायचं आणि 108 ला फोन. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं ते गॅस गिझरचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साईडनं भरलेल्या रक्तालाही चांगला आकडा दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून प्राणवायू द्यायला उशीर होता कामा नये.

[दृश्य: जिना. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी मिस्त्रींशी बोलतायत.]

दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, त्यांच्या गिझरचा पाईप याच पाईपला जोडता येईल का. नाही. हा पाईप एका गिझरच्या मापाचा आहे. काकूंचा गिझर बंद असताना खालचा धूर त्यांच्या कॉलरमधून त्यांच्याच गॅलरीत उतरेल. बाथरूमच्या खिडक्या जिथे उघडतात त्या डक्टमध्ये सोडला, तर वरच्या मजल्याच्या न्हाणीत शिरेल. त्यांच्या घरातून धुराला मोकळी वाट निघत नाही, म्हणून मिस्त्रींनी त्यांना विजेचा गिझर घ्यायला सांगितलं. त्यांचा बाथरूममधला गॅस गिझर त्यांनी त्याच दुपारी उतरवून घेतला आणि गॅसची ती लाईन टोपण लावून बंद केली.