भिंतीच्या पोटात

[दृश्य: औसा तालुक्यातलं जुनं माळवदी घर. ढासळलेल्या भिंतीचा उघडा छेद, जवळून.]

ही भिंत अडीच फूट जाड आहे. समोरून एकसंध वाटते, पण जिथे ढासळली आहे तिथे नीट पाहा. बाहेरच्या बाजूला मोठ्या दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा. या दोन पदरांच्या मध्ये दगडाच्या कपच्या आणि माती, म्हणजे नुसती भर. एका पदरातून दुसऱ्या पदरात जाणारा दगड या सगळ्या छेदात कुठेही दिसत नाही. एक जाड भिंत म्हणून बांधलेल्या या खरं तर दोन पातळ भिंती आहेत, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या.

[दृश्य: माळवदावरून गाव. सवण्यातून, म्हणजे माळवदातल्या झरोक्यातून, खाली पडणारा उजेड.]

वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी ही माती पावसाळ्याआधी दरवर्षी थोडी नव्याने पसरली जाते. जुनी मात्र कोणी काढत नाही. वीसतीस वर्षांत थर दीड-दोन फुटांवर जातो. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सुमारे 7 टन वजन. शेजारची पंधरा फूट लांब, दहा फूट उंच भिंत एकटीच 20 टनांच्या आसपास. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. जितकं घर जड, तितका हिसका मोठा.

[दृश्य: किल्लारी, स्मृतिस्थळ. निवेदन नाही, 15 सेकंद.]

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास 8,000 माणसं गेली.

[दृश्य: उभी लाकडी चौकट, भोवती दगडांचा ढीग.]

आता ही चौकट बघा. भिंती पडल्या, खांब उभेच आहेत. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी हे बऱ्याच गावांत टिपलं. माळवदाचा भार लाकडावर होता, भिंती नुसत्या भोवती उभ्या होत्या. जमीन हलली तशी मधली भर खाली दबत गेली आणि तिने दोन्ही पदरांना बाहेर रेटलं. आधी भिंतीला पोट आलं, मग बाहेरचा पदर सुटला. आतला पदर घरात कोसळला, तिथे माणसं झोपलेली होती.

दोष दगडाला दिला गेला. हे आम्हाला आजही खटकतं. दगड तोच होता, कमी होती ती बांधणीत. शेकडो वर्षांचे दगडी वाडे उभे राहतात ते भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आहेत म्हणून. असा दगड शोधणं, घडवणं महाग पडतं. जाडी वाढवली की मजबुती येते असा समज होता, म्हणून भिंती रुंदावत गेल्या आणि लांब दगड गळत गेले.

[दृश्य: शाळेच्या आवारात गवंड्यांचं प्रात्यक्षिक.]

कमी ताकदीची बांधकामं भूकंपात टिकावीत यासाठीचं भारतीय मानक 13828 हे 1993 सालचंच. दगडी भिंतीसाठी त्यात साधा नियम आहे: उंचीत दर 2 फुटांवर आणि लांबीत जास्तीत जास्त दर 4 फुटांवर एक आरपार दगड. सलग दगड मिळत नसेल तर दोन दगड एकमेकांवर चढवून, नाहीतर सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा. नवी भिंत असेल तर प्रश्न नाही. उभ्या भिंतीत हा दगड घालायचा कसा, ते हे दोघे दाखवताहेत.

भिंतीवर साधारण मीटरभर अंतराने खुणा केल्या आहेत. खालच्या ओळीतल्या दोन खुणांच्या मधोमध वरच्या ओळीतली खूण येते. खुणेवरच्या दगडाभोवतीची माती टोकदार सळईने कोरून काढायची. दगड चारी बाजूंनी मोकळा झाला की डावीउजवीकडे हलवत बाहेर ओढायचा. इथे घणाचं काम नाही. घण मारला की आतली भर हादरते आणि शेजारचे दगडही सैल होतात. घाई केलेल्या कामात हीच चूक सगळ्यात जास्त सापडते. मग मागची भर हाताने काढत तीन इंचांचं भोक पलीकडच्या दगडापर्यंत न्यायचं आणि तो दगडही तसाच काढायचा.

[दृश्य: भोकाच्या आत, विजेरीच्या उजेडात.]

भोकाचा आकार लक्षात घ्या: मध्ये अरुंद, दोन्ही तोंडांशी रुंद, डमरूसारखा. काँक्रीट भरल्यावर ही रुंद डोकी दोन्ही पदरांना धरून ठेवतात. सरळ नळीसारखं भोक केलं तर आत नुसता बूच बसतो, पदर सुटायचा तो सुटतोच. भोक आधी ओलं करायचं, कोरडी माती काँक्रीटमधलं पाणी ओढून घेते. मग 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट अर्ध्यापर्यंत, त्यावर दोन्ही टोकांना आकडे वळवलेली 8 मिलिमीटरची सळई, आणि वर पुन्हा काँक्रीट. सळईचं टोक बाहेर डोकावता कामा नये, गंजतं. त्यानंतर किमान दहा दिवस पाणी मारायचं. मराठवाड्याच्या उन्हात हे दहा दिवसच चुकवले जातात.

[दृश्य: दारांच्या वरून जाणारा जाळीचा पट्टा.]

दुसरं काम पट्ट्याचं. दारंखिडक्यांच्या वर, आतून आणि बाहेरून, मातीचा गिलावा दगडापर्यंत खरवडायचा, सांधे पाऊण इंच कोरायचे, धुवायचे. सिमेंटचा पातळ थर, तो ओला असतानाच वेल्ड केलेली जाळी सहा इंची खिळ्यांनी, आणि वर दुसरा थर. पट्टा घराभोवती सलग हवा. कोपऱ्यावर तो तोडला तर दोन भिंती एकमेकींपासून फाटायला मोकळ्या राहतात. काही घरांत नुसता सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिलेला दिसतो. त्याने भिंत देखणी होते, बळ येत नाही.

खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरप्या लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या, म्हणजे चौकट डोलणार नाही. आणि या सगळ्याच्या आधी माळवदावरची माती उतरवायची. आठ इंच ठेवावी, पाणी गळू नये म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरावं.

[दृश्य: नवं गाव, सरळ रस्ते, एकसारखी घरं.]

जागतिक बँकेच्या कर्जावर मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. 52 गावं नव्या जागी उभी राहिली. कुटुंबाच्या मालकीच्या जमिनीप्रमाणे 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरं. बाकीच्या गावांत दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी अनुदान मिळालं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ झाल्या, घरमालक आणि अभियंते यांच्यामधला दुवा. तरी पुष्कळांनी त्या पैशांत जुन्या घराशेजारी नवी खोली बांधणंच पसंत केलं. दगडाची भीती बसली होती. नवी खोली पक्की झाली. सोबतचं जुनं घर होतं तसंच राहिलं आणि त्यात लोक राहतही आहेत. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशावर किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. 2002 मध्ये तो विभागच रद्द झाला, किल्लारी तिसऱ्या विभागात गेली.

[दृश्य: पोट आलेली भिंत, तिला ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावलेला.]

या भिंतीला आताच पोट आलेलं आहे, ओळंब्याने ते स्पष्ट दिसतं. हिच्यात भोकं पाडून काँक्रीट भरायचं नाही, कारण पदर आधीच सुटलेला आहे. माळवदाला आतून टेकू द्यायचे, फुगलेला भाग वरून खाली, एका वेळी तीन फुटांपेक्षा जास्त लांबी न उघडता उतरवायचा. मग तेच दगड वापरून, मधल्या मातीच्या जागी दगडांची घट्ट पकड करत आणि दर दोन फुटांवर आरपार दगड घालत, ती पुन्हा चढवायची.