गांजातलं औषध आणि त्याचं माप

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा पहिल्या रांगेत जरा चुळबुळ झाली, ती मी पाहिली. एक जण हळूच म्हणालेही, ‘सर, प्रात्यक्षिक आहे का?’ नाही. औषधशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, पण याचं प्रात्यक्षिक आमच्याकडे एकदाच झालं आणि तेही घरी.

कोपरीत आमच्या मेहुण्यांचं जुनं घर होतं. धुळवडीला कुणीतरी थंडाई आणली, भांग घोटलेली. मेहुण्यांनी एक पेला घेतला. पाऊण तास गेला, काहीच नाही. ‘पाणी घातलंय लेकाच्यानं,’ म्हणाले आणि दुसरा रिचवला. जेवण होईपर्यंत ठीक होते. मग ओटीवरच्या झोपाळ्यावर जाऊन बसले आणि ओरडायला लागले, ‘अरे थांबवा, थांबवा!’ झोपाळा थांबलेलाच होता. आम्ही दोघांनी दोन्हीकडच्या कड्या धरल्या, त्यांचे पाय फरशीला टेकवून दाखवले. उपयोग शून्य. दिवेलागणीपर्यंत त्यांचा झोपाळा चालूच होता.

आता यात झालं काय ते बघा. भांगेतला जो पदार्थ डोक्यात जातो तो टीएचसी. गांजा ओढला तर हा पदार्थ फुप्फुसातून रक्तात आणि काही मिनिटांत मेंदूत पोचतो. प्यायलं किंवा खाल्लं तर तो आधी लिव्हरमध्ये जातो. तिथे बराचसा खर्ची पडतो, पण काही भागाचं दुसऱ्याच एका रसायनात रूपांतर होतं आणि ते रसायनही मेंदूवर तितक्याच जोरानं चढतं. या सगळ्याला अर्धा तास ते दोन तास लागतात. थोडक्यात, मेहुण्यांनी दुसरा पेला उचलला तेव्हा पहिला अजून वाटेत होता.

‘तुळशीत भांग’ म्हणताना आपण भांगेला उगाच बदनाम केलंय. या झाडाच्या तीन जिनसांत ती सगळ्यात सौम्य. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. जोर चढत्या क्रमानं. आपल्या लोकांनी प्रयोगशाळेशिवाय केलेली ही प्रतवारी आहे, आणि १९८५चा अमली पदार्थांचा कायदाही तिच्यावरच उभा आहे. चरस आणि गांजा त्या कायद्याखाली येतात, फुलोऱ्याशिवायची नुसती पानं येत नाहीत. पण म्हणून मोकळीक समजू नका, आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. आणखी एक गंमत. हिरव्या कच्च्या पानात टीएचसी जवळजवळ नसतंच. असतं ते त्याचं आम्ल, आणि त्यानं नशा येत नाही. उष्णता लागली की त्या आम्लाचं टीएचसी होतं. शिवाय टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. भांगेला दूध-तूप का लागतं, ते यातून लक्षात येईल.

आता मापाकडे येऊ. माझं आजचं सगळं म्हणणं इथेच आहे. ‘माल किती स्ट्राँग आहे’ याचं उत्तर लोक टक्क्यांत देतात. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या गांजाचे नमुने वर्षानुवर्षं तपासले गेलेत. १९९५मध्ये त्यात सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४मध्ये १२च्या आसपास. म्हणजे विशीत ‘आम्हीसुद्धा एकदा ओढला होता’ असं सांगणाऱ्याच्या आठवणीतला गांजा आणि आज नातवाच्या हाती पडू शकेल तो गांजा, नाव एक, वस्तू वेगळी. पण टक्के म्हणजे मात्रा नव्हे. १० टक्क्यांच्या एक ग्रॅम गांजात १०० मिलिग्रॅम टीएचसी असतं. ड्रोनॅबिनॉल नावाची शुद्ध टीएचसीची कॅप्सूल आहे, ती अडीच मिलिग्रॅमपासून सुरू होते. चाळीस कॅप्सूल झाल्या! ओढताना त्यातलं बरंचसं जळून, हवेत जाऊन वाया जातं हे खरं. पण किती वाया गेलं ते ओढणाऱ्याला कळत नाही, आणि जे मोजता येत नाही ते औषध म्हणून देता येत नाही.

या झाडाचं डॉक्टरी औषध मागे पडलं त्यातही हे एक मोठं कारण होतं. १८३९मध्ये कोलकात्यात ओ’शॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरनं धनुर्वातावर, आचक्यांवर गांजाचा अर्क वापरून निबंध लिहिला, आणि विलायतेतल्या औषधांच्या दुकानांत हा अर्क पोचला. पण एका बाटलीनं रोगी झोपून जाई, दुसरीनं काहीच होत नसे. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं निघालं, त्याचे स्फटिक होतात, तोलता येतात. टीएचसी चिकट, तेलकट. त्याची रचना कळायला १९६४ उजाडलं. इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी ती शोधली. कच्चा माल होता पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो चरस, आणि मेशुलम तो चक्क बसनं घेऊन गेले होते. पुढे १९९२मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत आपल्या मेंदूत मुळातच तयार होणारा, टीएचसी ज्या कुलपाला किल्लीसारखं लागतं त्याच कुलपाला लागणारा पदार्थ सापडला. नाव ठेवलं आनंदामाइड. आपल्या ‘आनंद’वरून!

उपयोग कशाला होतो? केमोनंतरच्या मळमळीला, नेहमीच्या औषधांनी ती आटोक्यात येत नसेल तर. ड्रोनॅबिनॉलला अमेरिकेत १९८५मध्ये मान्यता मिळाली ती यासाठीच, आणि १९९२मध्ये एड्सच्या रुग्णांची भूक मेली असेल तर त्यासाठी. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात अंग ताठरतं, त्यावर तोंडात मारायचा फवारा आहे. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि जवळपास तेवढंच सीबीडी. सीबीडी म्हणजे याच झाडातला दुसरा पदार्थ, त्यानं नशा येत नाही. लहान मुलांच्या काही दुर्धर फिट्सवर ते चालतं, पण तो वेगळा विषय. जुनाट दुखण्याबद्दल जाणकारांतच दोन तट आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीनं २०१७मध्ये भरीव पुरावा आहे म्हटलं, तर वेदनातज्ज्ञांच्या जागतिक संघटनेनं २०२१मध्ये शिफारस करायला नकार दिला. मला विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूचा. कॅन्सर बरा होतो असं मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओखेरीज कुणी म्हणत नाही.

मघाशी एका ताईंनी ही बाटली माझ्या हातात दिली. यजमानांची केमो चालू आहे, खारघरला जातात. बाटली ३० मिलीची, वर ‘विजया अर्क १५०० मिग्रॅ’. विजया म्हणजे आयुर्वेदात भांगेचंच नाव. कंपनीचं नाव घेत नाही. हिशेब करू. एका मिलीत ५० मिलिग्रॅम. २० थेंबांचा एक मिली धरला तर थेंबाला अडीच. ऐकायला बरोब्बर कॅप्सूलएवढं! पण हे अडीच मिलिग्रॅम अर्काचे, टीएचसीचे नव्हेत. अर्कात टीएचसी दहा टक्के असेल तर थेंबात पाव मिलिग्रॅम, पन्नास टक्के असेल तर सव्वा मिलिग्रॅम. पाचपट फरक, आणि लेबलवर त्याचा आकडा कुठेच नाही. चष्मा लावून दोनदा पाहिलं. शिवाय तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान पडतो, म्हणजे वीस थेंबांचा हिशेबही गेला.

आपल्या वयाला यात आणखी धोके आहेत. उभं राहताना बीपी खाली येतं, छातीत धडधडतं, झोपेच्या गोळीबरोबर घेतलं तर रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती. रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर तिचा परिणाम वाढू शकतो. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर या वाटेला जाऊच नये.

ताई, ही घ्या बाटली. पुढच्या तारखेला जाल तेव्हा नुसतं ‘आयुर्वेदिक थेंब’ म्हणू नका, बाटलीच डॉक्टरांसमोर ठेवा. आणि कंपनीकडून या बॅचचा तपासणी अहवाल मागवा. त्यात दर मिलीला टीएचसी किती मिलिग्रॅम ती ओळ शोधा. नसेल तर तोपर्यंत झाकण उघडू नका. तो हात वर दिसतोय मला, भांगेच्या परवान्याचं विचारायचंय ना? चहा आलाय, चहाबरोबर बोलू.