चेंबरचे आटे

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग, सकाळ. शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग.)

हा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तो फडक्याने पुसून टाकला. शेजारच्या गाडीचा असेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच, माझ्या गाडीच्या इंजिनाच्या बरोबर खाली. बोट लावून पाहिलं. बुळबुळीत, वासाला किंचित जळकं. इंजिन ऑइल. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सगळीकडे शहाबादी आहे, आणि शहाबादी तेल पिते. तो डाग आजही पुरता गेलेला नाही.

आठच दिवसांपूर्वी गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. ऑइल नवं, फिल्टर नवा. जिथं केली तिथंच परत नेली. एकाने खाली वाकून पाना लावला, अंगातला सगळा जोर लावून आवळला आणि म्हणाला, झालं. दोन दिवस डाग पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुप्पट पडला.

(दृश्य: नाना पेठ. दुकानांबाहेर टांगलेले सायलेन्सर, मडगार्ड. गर्दीतून वाट काढणारा हातगाडीवाला.)

पुण्यात गाडीचा एखादा पार्ट कुठं मिळेना झाला की माणूस नाना पेठेत येतो. इथल्याच एका बोळात मास्तरांचं गॅरेज आहे. दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी जागा, आणि मधोमध खड्डा.

मास्तर खड्ड्यात उतरले. आधी त्यांनी ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं तेल काढायच्या भोकाला बुचासारखा बसणारा बोल्ट, नुसत्या बोटांनी धरून हलवून पाहिला. मग सतरा मिलिमीटरचा पाना लावून अर्धा फेरा आवळला. बोल्ट फिरला. आणखी अर्धा फेरा, तरी फिरला. कुठं घट्ट म्हणून होईना.

"ताई, आटे गेलेत." आटे म्हणजे बोल्टवर आणि भोकाच्या आत गोल फिरत जाणाऱ्या खाचा, ज्यांत बोल्ट अडकून घट्ट बसतो.

खाली पातेलं लावलं, ऑइल काढलं, बोल्ट बाहेर आला.

(दृश्य: अगदी जवळून. तळहातावर बोल्ट.)

बोल्टच्या खाचांमध्ये चांदीसारखी चकाकणारी बारीक तार गुंडाळलेली होती, स्प्रिंगसारखी. मास्तरांनी ती नखाने सोडवून माझ्या हातावर ठेवली. वजन जवळजवळ नाहीच. हे चेंबरचे आटे. भोकाच्या आत असायला हवेत ते बोल्टला गुंडाळून बाहेर आले होते.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेली तेलाची परात. माझ्या गाडीत तो ॲल्युमिनियमचा आहे आणि बोल्ट पोलादाचा. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांवर आवळले की हार मऊ धातूची होते. म्हणून बोल्टला ओरखडाही नव्हता आणि भोक मात्र आतून गुळगुळीत झालं होतं.

पण एवढा जोर लावायची वेळच का येते?

याचं उत्तर एका वायसरमध्ये, बोल्टच्या डोक्याखालच्या चपट्या कडीत आहे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, पंचवीस पैशाच्या जुन्या नाण्याएवढा. या भोकातून तेल बाहेर येऊ न देण्याचं काम आटे करत नाहीत, ते हा वायसर करतो. बोल्ट आवळला की बोल्टचं डोकं आणि चेंबर यांच्यामध्ये तो थोडा चेपतो आणि फट बुजवतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, पुढच्या वेळी नवा घालायचा. जुनाच वायसर परत बसवला की थेंब थेंब गळायला लागतं. मग पाहणाऱ्याला वाटतं, बोल्ट सैल आहे. तो आवळतो. पुढच्या सर्व्हिसिंगला तोच वायसर, आणखी जोर. आटे एका दिवसात जात नाहीत. दर खेपेला थोडे ताणले जातात आणि एक दिवस भोक सोडून बोल्टबरोबर निघतात.

या जोराचा हिशोब मास्तरांनी मला पान्यावर करून दाखवला. लहान गाड्यांचे ड्रेन बोल्ट साधारण 25 ते 45 न्यूटन मीटरला आवळायचे असतात (न्यूटन मीटर म्हणजे पिळाचा जोर मोजायचं माप), नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. माझ्या गाडीला 35. वीस सेंटिमीटरचा पाना घेतला तर त्याच्या टोकाला साधारण अठरा किलोचा भार झाला. त्याच पान्यावर पाइप चढवून लांबी पन्नास सेंटिमीटर केली की सात किलोच पुरतात. आता पाइप लावून कुणी अंग टाकून चाळीस किलोचा जोर दिला, तर 35 च्या जागी जवळजवळ 200 न्यूटन मीटर पडतात. ॲल्युमिनियमने किती सहन करावं? एअर गनने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने, बोल्ट बसवणाऱ्याला तर आपण किती जोर लावला हे कळायला मार्गच नाही.

दुसरं कारण वाकडा बसलेला बोल्ट. भोकात बोल्ट पहिले तीन-चार फेरे बोटांनीच फिरला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, काढून पुन्हा लावायचा. त्याच वेळी पाना लावला की पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये स्वतःची नवी वाट कापत जातो.

(दृश्य: मास्तर लाकडी पेटी उघडतात. झाकणावर हळदीकुंकवाची सुकलेली बोटं.)

गेल्या खंडेनवमीला या पेटीची पूजा झाली, त्याची ही खूण. आत टॅप आहेत, म्हणजे आटे पाडायची हत्यारं. प्रत्येक टॅप तेल लावलेल्या कागदात गुंडाळलेला.

माझ्या गाडीचा बोल्ट 14 मिलिमीटर जाडीचा, दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. 14 बाय दीड म्हटलं की नाना पेठेतल्या कुठल्याही दुकानात तोच बोल्ट हातात पडतो. ही सोय आपोआप आलेली नाही. 1841 साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचं एकच प्रमाण असावं असं मांडलं. तोवर एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईलच याची खात्री नसे. त्यांच्या आट्याचा कोन 55 अंशांचा होता, आजच्या मेट्रिक आट्याचा 60 अंश. खडकीला 1946 पासून इंजिनं बनवणाऱ्या या शहरात आटे पाडून पोट भरणारी किती घरं असतील! भोसरीच्या कुठल्याही गल्लीत कान द्या, कुठं ना कुठं टॅप चालू असतो.

माझ्यापुढे रस्ते बरेच होते. टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट बसवून देतात. दोन गोळे एकत्र मळून लांबी, म्हणजे वाळून कडक होणारा लगदा, लावतात. जाड बोल्ट घुसवतात, तो स्वतःच आटे कापत आत जातो. मास्तरांनी तिन्हींना नकार दिला आणि मला ते पटलं. टेपचे तुकडे सुटून तेलात गेले तर ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. लांबी लावली की पुढच्या वेळी ऑइल काढायचं कसं? आणि जाड बोल्ट सरळ जाईलच असं नाही, शिवाय तो पाडेल तो चुरा थेट चेंबरमध्ये. महिनाभर गाडी चालेल, पण ही दुरुस्ती नव्हे. नवा चेंबर हा उत्तम उपाय, पण खर्च काही पटींनी जास्त. मास्तरांनी तारेचं इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवायचे तारेचे नवे आटे, निवडलं. बोल्टच्या भोवतीचा चेंबरचा भाग पुरेसा जाड होता, म्हणून ते शक्य झालं.

(दृश्य: ड्रिलच्या बिटावर पिवळी चिकटपट्टी.)

ही पट्टी म्हणजे खोलीची खूण. इथवरच जायचं, पुढे नाही. बिट साडेचौदाचं. मास्तर ड्रिल सुरू करण्याआधी खड्ड्यात कितीतरी वेळ नुसते त्याच्याकडे बघत उभे होते, पुढून आणि मग बाजूने. भोक एक अंश जरी कललं तरी बोल्टचं डोकं चेंबरवर सपाट बसणार नाही आणि वायसर एका बाजूने उघडा राहील.

मग टॅप. त्याच्या खाचांमध्ये त्यांनी ग्रीस भरलं. चुरा ग्रीसमध्ये अडकतो, आत पडत नाही. ॲल्युमिनियम कापताना रॉकेल लावायची जुनी रीत आहे, त्याने धातू टॅपला चिकटत नाही. बाटलीच्या तळाशी उरलेलं रॉकेल मास्तर थेंबाथेंबाने वापरतात.

अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे येताना कापलेला तुकडा तुटतो, त्याचा बारीकसा कट्ट आवाज येतो. पुन्हा अर्धा पुढे, पाव मागे. मध्येच टॅप पूर्ण बाहेर काढून पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. एवढ्याशा भोकाला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात फोन दोनदा वाजला, मास्तरांनी उचलला नाही.

(दृश्य: काडीच्या टोकावर तारेचं गुंडाळं.)

हे इन्सर्ट. स्टेनलेस स्टीलची तार, कापली तर तिचा छेद शंकरपाळ्यासारखा दिसतो. बाहेरची धार चेंबरच्या नव्या आट्यात बसते आणि आतली धार बोल्टसाठी पोलादी आटे तयार करते. आता बोल्ट ॲल्युमिनियमवर घासणारच नाही. म्हणून नीट केलेली ही दुरुस्ती मूळच्या भोकापेक्षा जास्त टिकते.

तार चेंबरच्या पृष्ठभागाच्या पाव-अर्धा फेरा आत थांबवायची. बाहेर राहिली तर वायसर तिच्यावर बसेल आणि गळती पुन्हा सुरू. तारेच्या आतल्या टोकाला छोटी शेपटी असते, तिला धरून तार आत फिरवतात. काम झालं की ती मोडून बाहेर काढावीच लागते. मास्तरांनी शिकाऊ मुलाला नोकदार पक्कड दिली. "हळू. पडली तर चुंबकाला चिकटेलच असं नाही, स्टेनलेस आहे ती."

मुलाने श्वास रोखून ती बाहेर काढली आणि शहानिशा करायला माझ्या हातावर ठेवली, त्या चांदीसारख्या तारेशेजारी.

एवढी काळजी घेऊनही मास्तरांनी वरून अर्धा लिटर स्वस्तातलं ऑइल ओतून खालून वाहू दिलं. पांढऱ्या फडक्यावर गाळलं. चार चमचमते कण निघाले. पुन्हा ओतलं. या वेळी फडकं स्वच्छ. काळं तेल वेगळ्या डब्यात गेलं, ते पुन्हा शुद्ध करणाऱ्या परवानाधारकांकडे जातं. गटारात ओतलं तर ते नाल्यावाटे मुठेत पोचेल, आणि मुठेला आधीच पुरे झालंय.

नवा वायसर. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला. मग टॉर्कचा पाना, ठरवलेला जोर पडला की टक् वाजणारा, 35 वर लावलेला. एक टक् आवाज, आणि मास्तरांनी लगेच हात काढला. नवं ऑइल भरलं, इंजिन तीन मिनिटं चालवलं, खाली कालचा पेपर पसरला. पेपर कोरडा.

मी पैसे द्यायला वळले तेव्हा मास्तर अजून खड्ड्यातच होते. मुलाकडून पांढऱ्या रंगाचं पेन मागून घेतलं, बोल्टशेजारची जागा फडक्याने पुसली आणि चेंबरवर लिहिलं: "आत तार आहे. 35. हाताने लावा."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी जो कोण उघडेल त्याच्यासाठी," ते म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिले.