बाकी शून्य

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराच्या भिंतीत कोरलेला एक आकडा 270 आहे. इसवी सन 876 च्या या शिलालेखात देवाच्या फुलबागेची जमीन 270 हात लांब आणि 187 हात रुंद असल्याची नोंद आहे. त्यांपैकी 187 चे अवयव, 11 आणि 17, तोंडी सापडतात. परंतु किल्ल्याखाली लष्कर नावाच्या वस्तीतील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर निवृत्त गणित शिक्षिका फळ्यावर जी 39 अंकी संख्या लिहीत आहेत, तिला असे अवयवच नाहीत: 170141183460469231731687303715884105727.

दोनाच्या 127 व्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिली, तर ती म्हणजे सलग 127 वेळा लिहिलेला एक. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी 1876 मध्ये ती मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी, असल्याचे सिद्ध केले, आणि तेही भाजकांची यादी तपासत न बसता. ती वाट धरली असती, तर सेकंदाला शंभर कोटी विषम भाजक लावून पाहणाऱ्या यंत्रालाही दोनशे वर्षे पुरली नसती.

ल्युकांच्या रीतीला अमेरिकन गणितज्ञ डेरिक लेहमर यांनी 1930 च्या दशकात दिलेले सोपे रूप बाई आता 127 वर, म्हणजे दोनाच्या सातव्या घातातून एक वजा करून येणाऱ्या संख्येवर, चालवून दाखवतात. आरंभ चारपासून करायचा, वर्गातून दोन वजा करायचे आणि 127 ने भागून उरलेली बाकी तेवढी पुढे न्यायची. चाराचे 14 होतात. 14 चा वर्ग 196, दोन गेले 194, बाकी 67. पुढे 42, मग 111. या 111 च्या वर्गातून दोन वजा केले की 12319 येतात, आणि 127 गुणिले 97 म्हणजे नेमके तेवढेच. घातांक सात, म्हणून त्याहून दोन कमी, पायऱ्या पाच. पाचवीला बाकी शून्य, म्हणून 127 मूळ. नववीच्या मुलांना कागद-पेन्सिलीने पडताळता येणारी ही कसोटी पाठ्यपुस्तकात असायलाच हवी. घातांक 11 असताना अखेरीस शून्य येत नाही, कारण 2047 म्हणजे 23 गुणिले 89.

ऑक्टोबर 2024 मध्ये सापडलेली 4,10,24,320 अंकी मूळ संख्याही याच कसोटीवर पक्की ठरली. संगणकावरील गुप्त संदेशांची कुलुपेही मोठ्या मूळ संख्यांवर उभी आहेत.

फळ्यापाशी आता घातांक 13 आहे, संख्या 8191. अकराव्या पायरीला विद्यार्थिनीने 128 चा वर्ग केला, 16384. दोन वजा जाता 16382, म्हणजे 8191 ची बरोबर दुप्पट.