१६ ऑगस्टची कामं

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात पंधरा ऑगस्टला झेंडावंदन कुठे होत नाही, हे शोधावंच लागेल. सोसायटीत होतं, शाळेत होतं, रिक्षा स्टँडवर होतं, नाक्यावरच्या व्यायामशाळेत होतं. त्यात आमच्या मंडळाने आणखी एकाची भर घालायची गरज नाही, असं आम्ही फार पूर्वीच ठरवलं. आमचं मंडळ म्हणजे स्वातंत्र्यलढ्याची आणि इथल्या इतिहासाची आठवण जपणारी एक लहानशी शाखा. निवृत्त शिक्षक, दोन-तीन माजी सैनिक, एक वकील, ऐरोली-कोपरखैरण्याची कॉलेजची पोरं आणि माझ्यासारख्या पोस्टातून निवृत्त झालेल्या बायका. हार घालून, भाषणं होऊन, चहा-समोसा आटोपल्यावर जे उरतं, ते काम आमचं.

सुरुवात झेंड्यांपासूनच करते. सोळा ऑगस्टच्या सकाळी आम्ही पिशव्या घेऊन बाहेर पडतो. ऑगस्टचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. कागदी झेंडे डांबराला असे चिकटलेले असतात की नखाने सोडवावे लागतात. हिरवा रंग पांढऱ्यात उतरलेला, काडी मोडलेली, वरून टायर गेलेला. सिग्नलला, शाळेच्या फाटकाशी, गटाराच्या जाळीवर. परत आल्यावर वर्तमानपत्रं पसरून ते वाळवायचे आणि वेगळे करायचे. कागदाचे एकीकडे, कापडाचे एकीकडे, प्लास्टिकचे तिसरीकडे. कापडाचा धड असेल तर धुऊन, इस्त्री करून पुढच्या वर्षी कुणाला तरी देतो. फाटलेला असेल तर २००२ ची भारतीय ध्वजसंहिता स्पष्ट सांगते, की तो खासगीत, संपूर्णपणे नष्ट करावा, शक्यतो जाळून, किंवा त्याचा मान राखला जाईल अशा दुसऱ्या रीतीने. कागदी झेंडेही रस्त्यावर टाकायचे नाहीत, असं त्याच संहितेत आहे. पण आपल्याकडे झेंडा कसा लावावा हे दहा जण सांगतात, जुना झाल्यावर त्याचं काय करायचं हे कुणी विचारत नाही. तो बाल्कनीत तसाच विरत राहतो, नाहीतर मोलकरणीच्या हाती फडकं म्हणून जातो.

यात एक अडचण आहे, आणि ती अजून सुटलेली नाही. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा झेंडाही चालतो. खादीची राख होते. पॉलिएस्टर वितळतं, थेंब थेंब गळतं, काळा धूर येतो. त्यात कसला आला मान? प्लास्टिकचीही तीच गत. तेव्हा हा सगळा गठ्ठा सध्या आमच्या खजिनदारांच्या माळ्यावर आहे आणि त्यांची सून दर दिवाळीला त्याबद्दल विचारते. माझं स्पष्ट मत आहे, झेंडा घ्यायचा तर सुती किंवा खादीचा घ्या, एकच घ्या आणि नीट घडी घालून ठेवा. गाडीच्या आरशाला लावायला पाच रुपयांचा झेंडा घेऊ नका.

आता तारखांकडे वळते. ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग रोज हजारो लोक बसमधून बघतात. मूळचा तो किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिलं. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. आत जायचं तर तुरुंग प्रशासनाची परवानगी लागते, म्हणून आम्ही जवळच्या शाळांत जातो. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा असतात, तेव्हा वीस मिनिटांत आटोपतो. मुलांना भाषण नको असतं. त्यांना विचारायचं असतं की भिंत किती जाड आहे आणि पळून कुणी गेलं का. गेले ना! पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. एवढं सांगितलं की पुढची दहा मिनिटं पोरं आपली.

दोन जानेवारीला आम्ही मुरबाड तालुक्यात सिद्धगडला जातो. १९४३ साली त्या दिवशी पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, वकील झालेले. त्यांच्या आझाद दस्त्याने, म्हणजे भूमिगत क्रांतिकारकांच्या तुकडीने, विजेचे मनोरे पाडले, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा चालवल्या, हे कमी जणांना माहीत असतं. मला तर कोतवाल त्या धान्यकोठ्यांमुळे जास्त मोठे वाटतात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपल्यावर सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये, हा विचार मनोरा पाडण्याइतकाच धाडसाचा होता. म्हणून तिथे जाताना आम्ही हार एकच नेतो. बाकी सामान म्हणजे रक्तदाब मोजायचं यंत्र, चष्म्याचे नंबर तपासणारे एक डॉक्टर आणि वह्या. वह्या देताना फोटो काढायचा नाही, हा शाखेचा नियम आहे. तो करताना दोन सभासद नाराज होऊन सोडून गेले. जाऊ देत. आणि परत निघताना पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, गुटख्याच्या पुड्या असं सगळं गोळा करून आणायचं. हुतात्म्याला वंदन करून रॅपर तिथेच टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, चांगली शिकली-सवरलेली.

नवी मुंबईकरांना मात्र सिद्धगडपेक्षा जवळचं आहे ते उरण तालुक्यातलं चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रहासाठी आसपासच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन जमली. सरकारच्या जंगल कायद्याने त्यांची लाकूडफाट्याची, गुरांच्या चाऱ्याची वाट अडवली होती. गोळीबार झाला, आठ गावकरी गेले. त्यांतलं एक नाव नाग्या महादू कातकरी. दरवर्षी त्या तारखेला चिरनेरच्या स्मारकापाशी मानवंदना होते, गर्दी चांगली असते. आम्ही जातो ते गर्दी पांगल्यावर, तिथल्या घराघरांत. कारण या लढ्यातली बरीच माणसं शेतकरी, आगरी, कोळी, कातकरी. त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. जे आहे ते नातवंडांच्या घरात, एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत, नाहीतर कुणा आजीच्या तोंडी.

या ट्रंकांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी अशी ट्रंक नक्की असणार. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले आणि केंद्राची पेन्शन सुरू झाली. पेन्शनसाठी साधारणपणे सहा महिन्यांचा तुरुंगवास दाखवावा लागे, म्हणून घरोघर तुरुंगाचे दाखले, कोर्टाचे कागद, सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जमवली गेली. काम झालं की ते सगळं परत ट्रंकेत. आज पन्नास वर्षांनी त्या कागदांना कसर लागलीय. आणि कुणीतरी प्रेमापोटी त्यांना लॅमिनेशन करून आणतं. कृपा करून करू नका! लॅमिनेशनच्या उष्णतेने आणि गोंदाने जुना कागद आतल्या आत पिवळा पडतो, आणि ते पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपही नको. टाचण्या आणि क्लिपा काढून टाका, त्या गंजतात आणि गंज कागदात उतरतो. दिवसाउजेडी, खिडकीशी ठेवून, फ्लॅश न लावता मोबाइलवर फोटो घ्या. मग कागद धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवा. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, कोण कोण आहे ते लिहा, आणि ते आजच लिहा, कारण "डावीकडून तिसरा तो कोण" हे सांगणारं माणूस घरात एकच असतं आणि त्याचं वय नव्वदीला टेकलेलं असतं. ताम्रपट चिंच-मिठाने लखलखीत घासण्याचा मोहही आवरा. एका घरी तो इतक्या भक्तिभावाने घासला होता, की नाव बोटाने चाचपून वाचावं लागलं.

किल्ल्यांबद्दल थोडक्यातच बोलते, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. बेलापूर असो की घोडबंदर, उत्साही तरुण मंडळी रविवारी कुदळ-फावडी घेऊन निघतात. कचरा उचला, गवत काढा, तिथवर ठीक. त्यापुढे पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. बुरुजात उगवलेला पिंपळ ओढून काढला तर त्याच्या मुळांबरोबर दगडही येतात. चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापलं तर आतली ओल बाहेर पडायला वाव राहत नाही आणि जुना दगडच पुढे फुटतो. वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला, ऑइलपेंट फासणं ही तर आपल्याकडची खास सेवा. शेंदूर परवडला, असं म्हणायची वेळ येते.

राख्यांचं मात्र माझ्या खात्यातलं आहे. शाळांतून जवानांसाठी राख्या येतात, हौसेने केलेल्या, मणी, आरसे, थर्माकोलचे गोळे लावलेल्या. बाई, हे सगळं पाकिटात चेपतं! चपटी, दोऱ्याची राखी करा, सोबत चार ओळींचं पत्र घाला. ओळखीच्या जवानाला पाठवायची तर नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस) एवढं पुरतं, गावाचं नाव घालायचं नसतं. आणि रक्षाबंधनाच्या आठवडाभर आधी आलात तर उशीर झालाच म्हणून समजा. सात डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला सैनिकांच्या कल्याणासाठी जमणाऱ्या निधीचे पैसे आम्ही स्वतःकडे घेत नाही. द्यायचे असतील त्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवतो आणि पावती घ्या म्हणून सांगतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नोव्हेंबरात. सैनिकांच्या पत्नींना, वीरपत्नींना कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता ते काम संगणकावर गेलंय, लष्कराच्या पेन्शनसाठी 'स्पर्श' नावाची प्रणाली आहे. ऐंशी वर्षांच्या बाईच्या बोटावरच्या रेषा धुणी-भांडी आणि भातलावणी करून पुसट झालेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. ती पुन्हा पुन्हा बोट दाबते, नकार येतो, आणि ती आपल्याकडे अशी बघते जणू चूक तिचीच आहे. आम्ही कोमट पाण्याने हात धुवायला लावतो, पुसतो, दुसरं बोट लावतो. तरी नाही झालं, तर चेहऱ्यावरून दाखला देणारं मोबाइल ॲप आहे, तेही सरकारचंच. आमची कॉलेजची पोरं यात तरबेज झाली आहेत. "आजी, डोळे मिटा, उघडा, आता हसू नका" असं चाललेलं असतं.

त्याहून चिवट भानगड नावाची. नवऱ्याच्या लष्करी कागदांत 'सुमन', आधार कार्डावर 'सुमनबाई', बँकेत माहेरचं नाव. तिथे आमचे वकील बसतात, प्रतिज्ञापत्राचा मसुदा करून देतात, फी घेत नाहीत. हे मात्र एका बैठकीत होत नाही. म्हणून ज्यांच्या ओळखीत अशी एखादी आजी असेल, त्यांनी नोव्हेंबर उजाडायची वाट बघू नये. दिवाळीच्या आधीच तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, पेन्शनचा कागद आणि नवऱ्याचं डिस्चार्ज बुक (लष्करातून निवृत्त होताना मिळालेलं सेवेचं पुस्तक), चारही शेजारी ठेवून नावं आणि जन्मतारखा ताडून बघा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघून घ्या. तो बहुधा पुण्याच्या नातवाचा असतो आणि ओटीपी आला तेव्हा नातू मीटिंगमध्ये असतो.

नमस्कार.