तारीख जुळली, माप जुळलं नाही

[दृश्य : मोबाईलवर टिपलेलं अंधारतं आकाश. फ्रेमच्या कडेला विजेचा खांब.]

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठचा सुमार. महाराष्ट्रात अनेकांनी पाहिलेल्या उजेडाच्या रांगेची ही चित्रफीत.

खांबाच्या मागून एक ठळक ठिपका पुढे येतोय. त्याच्या पाठोपाठ आणखी काही, प्रत्येकाला शेपटी. सगळे एकाच वाटेने, जवळजवळ आडवे चाललेत. नीट बघितलं तर लक्षात येईल की मागचे ठिपके हळूहळू आणखी मागे पडताहेत. हलके तुकडे हवेत लवकर मंदावतात, जड तुकडे पुढे निघून जातात. सगळ्या चित्रफितीत कामाची खूण हीच आहे आणि नेमकी हीच पाहायला कुणाला वेळ नव्हता.

कारण रांग विझायच्या आत वाद पेटला होता. उल्का म्हणणारे होते, उपग्रह म्हणणारे होते. क्षेपणास्त्र होतं, विमानाचा अपघात होता. उडत्या तबकड्यांचा पक्ष नेहमीप्रमाणे संख्येने कमी आणि आवाजाने सगळ्यांत मोठा. बुलढाण्यातून दिसलं म्हटल्यावर लोणारची आठवण निघणार हे तर ठरलेलंच.

[दृश्य : तीन चित्रफिती शेजारी-शेजारी. उल्का, स्टारलिंकची माळ, पाडव्याची रांग.]

आकाशातल्या उजेडाची ओळख पटवताना रंग आणि तेज शेवटी बघायचं. आधी वेग बघायचा.

डावीकडे उल्का. ती पेटते साधारण ९० किलोमीटर उंचीवर, आणि तिचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर, कधी ७० च्याही पुढे. मोठा अग्निगोल असला तरी खेळ काही सेकंदांचा. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत संपलेला.

मध्ये स्टारलिंक, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. एकसारखे ठिपके, कुणालाही शेपटी नाही. हे उपग्रह स्वतः जळत नाहीत, सूर्याचा उजेड परावर्तित करतात. म्हणून ते आकाशात एका ठरावीक जागी पोचले की एकामागून एक विझत जातात. तिथून पृथ्वीची सावली सुरू होते.

उजवीकडे आपली रांग. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो, आणि ती वातावरणात शिरते तिरप्या, जवळजवळ आडव्या कोनात. अगदी डोक्यावरून गेली तरी आकाशात सेकंदाला पाच-सहा अंशच सरकते. लांबून बघणाऱ्याला त्याहून कमी. पूर्ण आकाश ओलांडायला तिला मिनिटभर किंवा जास्तच लागतं.

ढोबळ कसोटी अशी : खिशातून मोबाईल काढला, लॉक उघडलं, कॅमेरा लावला, घरच्यांना हाका मारल्या, आणि एवढं होऊनही उजेड आकाशात आहे, तर ती उल्का नव्हे.

आवाजाचंही तसंच. ८० किलोमीटरवरून आवाज खाली यायला चार मिनिटांच्या वर लागतात. ‘उजेड दिसला आणि लगेच धमाका झाला’ असं कुणी सांगितलं, तर तो धमाका बहुधा पाडव्याच्या फटाक्याचा.

[दृश्य : नकाशा. जळगाव, अकोला, सिंदेवाही. तिन्ही ठिकाणांवरून निघणाऱ्या रेषा.]

अशा प्रत्येक घटनेत एक वाक्य हमखास येतं. पलीकडच्या शिवारात पडलं. जळगाववाल्याला ते जळगावच्या पलीकडे पडलेलं दिसतं, अकोलेकराला अकोल्याच्या.

जळगाव ते चंद्रपूर जिल्ह्यातलं सिंदेवाही सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे. सिंदेवाहीच्या माथ्यावर ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू जळगावहून किती उंच दिसेल? पृथ्वीचा गोलावा धरला तर क्षितिजाच्या वर आठ-नऊ अंश. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे मुठीएवढंही नाही. ती वस्तू झाडांच्या शेंड्याआड गेली की माणूस म्हणतो, पडलं. खरं तर ती अजून चार जिल्हे पलीकडे, ढगांच्याही कितीतरी वर असते.

[दृश्य : लाडबोरी. मोकळ्या जागेत पडलेलं धातूचं कडं, भोवती माणसं.]

लाडबोरी. तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर. त्याच संध्याकाळी गावात सामूहिक जेवणाची तयारी चालली होती, आणि हे कडं मोकळ्या जागेत येऊन आदळलं. वजन चाळीस किलोच्या वर. व्यास बातमीगणिक वेगळा. दोन मीटरपासून तीन मीटरपर्यंत आकडे छापून आले.

[दृश्य : कड्याचा काठ, जवळून. काठावरून फिरणारी टेप.]

इथे थोडं थांबू. कारण पुढचा सगळा वाद या काठावर सुटतो.

पडून दबलेलं कडं गोल राहत नाही, लंबगोल होतं. कुणी रुंद बाजूने मापलं तर एक आकडा येतो, अरुंद बाजूने मापलं तर दुसरा. म्हणून आडवी टेप धरायचीच नाही. टेप काठाला लावून पूर्ण फिरवायची, परीघ घ्यायचा आणि ३.१४ ने भागायचं. कडं वाकलं, चेपलं तरी त्याच्या काठाची लांबी फारशी बदलत नाही. तीन मीटर व्यासाच्या कड्याचा परीघ येतो ९ मीटर ४२ सेंटिमीटर. तुटून एखादा भाग गेला असेल तर उरलेल्या कमानीवरूनही व्यास काढता येतो. दोन टोकांमध्ये दोरी ताणायची आणि दोरीच्या मध्यापासून कमान किती वर आहे ते मोजायचं. पुढचं गणित दहावीच्या भूमितीतलं.

[दृश्य : दोन रॉकेटची चित्रं, एकाच प्रमाणात.]

त्याच संध्याकाळी न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून इलेक्ट्रॉन नावाचं रॉकेट उडालं होतं. ही बातमी हाताशी लागली आणि पहिल्या काही तासांत निकाल लागून गेला : इलेक्ट्रॉनचाच तुकडा. तारीख तीच, वेळही जवळची, आणखी काय पाहिजे? पुढचे तर्क याच खुंटीला टांगले गेले.

इलेक्ट्रॉनचा व्यास आहे १.२ मीटर. त्याच्या अंगावरच्या कड्याचा परीघ पावणेचार मीटरच्या आसपास भरेल. लाडबोरीचं कडं बातमीतल्या सगळ्यांत लहान मापाने धरलं तरी दोन मीटरचं. ते या रॉकेटवर बसतच नाही. शिवाय इलेक्ट्रॉनचा पहिला टप्पा, म्हणजे काम संपल्यावर सुटून पडणारा खालचा भाग, उड्डाणानंतर काही मिनिटांत पॅसिफिकमध्ये पडतो, विदर्भापर्यंत यायचा त्याचा रस्ताच नाही.

आता दुसरं चित्र. चँग चेंग ३बी, म्हणजेच लाँग मार्च ३बी. याच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर. अवकाशातल्या वस्तूंची नोंद ठेवणारे तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेत असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी बोट ठेवलं ते या जातीच्या वाय७७ क्रमांकाच्या रॉकेटवर. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनहून उडालं होतं. त्याचा तिसरा टप्पा त्याच सुमारास खाली येणं अपेक्षित होतं, आणि त्या वेळची त्याची वाट आपल्यावरूनच जाणारी होती. वायव्येकडून आग्नेयेकडे, चित्रफितीत दिसते तशीच.

‘चायना माल, टिकणार किती’ हा विनोद मग व्हायचा तो झालाच. सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने येऊन, जळत्या हवेतून निघून, जमिनीवर पडल्यावरही जे कडं म्हणून ओळखू येतं, त्याच्या टिकाऊपणाला नावं ठेवणं जरा अवघडच आहे.

[दृश्य : कक्षेचं रेखाचित्र. लांबट लंबवर्तुळ, हळूहळू आखडत जाणारं.]

उडालं फेब्रुवारी २०२१ मध्ये, पडलं एप्रिल २०२२ मध्ये. मधले चौदा महिने काय चाललं होतं?

उपग्रह उंच कक्षेकडे सोडून दिल्यावर हा टप्पा लांबट कक्षेत रिकामा फिरत राहतो. वरचं टोक जवळपास ३६,००० किलोमीटरवर, खालचं टोक काहीशे किलोमीटरवर. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाशी विरळ हवा त्याला किंचित अडवते. गंमत अशी की घर्षण खालच्या टोकाशी होतं, पण उतरतं ते वरचं टोक. असं करत लंबवर्तुळ आखडून जवळजवळ वर्तुळ होतं. मग शेवटचे दिवस झपाट्याने जातात. ८० किलोमीटरच्या आसपास टाक्या फुटतात, सांगाडा तुटतो, आणि आपण पाहिली ती रांग तयार होते.

नेमकी वेळ आधी का सांगता येत नाही? कारण वरच्या हवेची दाटी सूर्याच्या तापटपणावर बदलते, आणि गटांगळ्या खाणारी टाकी कधी आडवी, कधी उभी हवेला भिडते. अंदाजात उरलेल्या वेळेच्या दहा ते वीस टक्के चूक धरावीच लागते. एक दिवस आधी सांगितलेली वेळ चार-पाच तास पुढेमागे होऊ शकते, आणि तेवढ्यात ही वस्तू पृथ्वीला तीन फेऱ्या मारते. नुसती दहा मिनिटांची चूक झाली तरी जागा साडेचार हजार किलोमीटरने हुकते.

[दृश्य : पवनपारचा गोळा. पृष्ठभाग जवळून.]

हा गोळा सिंदेवाही तालुक्यातल्याच पवनपारला दुसऱ्या दिवशी सापडला. व्यास साधारण अर्धा मीटर. अंगावर धाग्यांचे वेढे, सुताचा गुंडा असावा तसे. नंतरच्या दिवसांत आसपास आणखी गोळे मिळाले.

या दाबाच्या टाक्या. इंधनाच्या मोठ्या टाक्यांत दाब टिकवायला हेलियमसारखा वायू लागतो, तो अशा गोळ्यांत प्रचंड दाबाने भरतात. भोवतालचं सगळं जळून जातं आणि हेच का उरतात? रॉकेटचा बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं. असे गोळे बरेचदा टायटॅनियमचे करतात, त्याचा वितळणबिंदू १,६६८ अंश. वरून तंतूंचे थर. शिवाय आकार गोल आणि आतून पोकळ, म्हणून तो उंचावरच मंदावतो. कड्याचंही तेच : पसारा मोठा, वजन कमी.

इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला येऊन गेले.

[दृश्य : ऑस्ट्रेलियाचा समुद्रकिनारा. वाळूत रुतलेला मोठा तांबूस-पितळी घुमट.]

आता हा घुमट. जुलै २०२३, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ग्रीन हेड. चंद्रयान-३ उडालं १४ जुलैला, आणि त्याच सुमारास ही वस्तू किनाऱ्याला लागली. पुन्हा तारखा जुळल्या, पुन्हा निकाल लागला : चंद्रयानाच्या रॉकेटचा भाग. हसणारे या वेळी आपल्यावर हसत होते.

कडेला बघा. घुमटाला समुद्रातले कवचवाले जीव चिकटलेत, दाट. दोन दिवसांत अशी वसाहत होत नाही, ही वस्तू महिनोन्महिने पाण्यात होती. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने महिनाअखेर सांगितलं : हा बहुधा पीएसएलव्ही या भारताच्याच दुसऱ्या रॉकेटचा तिसरा टप्पा. इस्रोनेही ते मान्य केलं. वस्तू भारतीयच निघाली, पण चंद्रयानाची नव्हे. तारखेवर पैज लावणाऱ्यांचे पैसे अर्धेच बुडाले.

[दृश्य : अंगणात मोबाईल धरलेला हात. पडद्यावर खांब आणि आकाश.]

अशा चित्रफितीतून उंची, वाट, पडण्याची जागा काढता येते. फक्त ती तशी टिपलेली हवी.

झूम करायचं नाही. मोबाईलचा झूम ठिपका मोठा करतो, माहिती वाढवत नाही. पडद्यावर बोट दाबून फोकस पक्का करायचा, नाहीतर कॅमेरा अंधारात चाचपडत राहतो आणि अर्धी चित्रफीत धूसर येते. फ्रेममध्ये न हलणारं काहीतरी घ्यायचं : खांब, पाण्याची टाकी, देवळाचा कळस. उजेडाच्या मागे कॅमेरा फिरवायचा नाही, उजेडाला फ्रेममधून जाऊ द्यायचं. तो गेल्यावरही दहा सेकंद तसंच धरून ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच उंचीवर उभं राहून तोच खांब धरून एक फोटो काढायचा. खांबाचा शेंडा किती अंशांवर आहे ते मुठीने मोजलं तरी चालेल. बारीक मापाला करंगळी, ती साधारण एक अंश झाकते. दिशेसाठी होकायंत्राचं ॲप, पण लोखंडी फाटक आणि मोटारसायकलपासून दूर.

अशा दोन चित्रफिती दोन ठिकाणांहून मिळाल्या की उंची निघते. जळगाव आणि अकोल्यात दीडशे किलोमीटर अंतर आहे, त्रिकोणाला तेवढा पाया भरपूर झाला. एकाच गावातल्या पन्नास चित्रफितींचा मात्र उपयोग एका चित्रफितीएवढाच.

आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो, मूळ वेळेची नोंदही जाते. ढकलत-ढकलत आलेल्या फायलीवर जी वेळ दिसते ती तुमच्या मोबाईलवर उतरल्याची. तेवढ्यावर ‘हे आत्ता आमच्याकडे’ म्हणून जुन्या चित्रफिती नव्याने फिरतात. पार्श्वसंगीत घालू नये हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. लोकांच्या ओरडण्यावरून सुद्धा वेळ जुळवता येते.

[दृश्य : शेतात पडलेला गोळा. दूर उभी माणसं.]

जमिनीवर काही सापडलं तर हात लावायचा नाही. कितीतरी रॉकेटच्या लहान इंजिनांत हायड्राझिन नावाचं इंधन असतं, ते विषारी आहे आणि कातडीतून, श्वासातून शरीरात जातं. टाकीत दाब उरलेला असू शकतो. ११२ ला फोन करायचा, लांबून चारी बाजूंनी फोटो घ्यायचे, एका फोटोत खड्डाही यावा. धुवायचं नाही, भंगारात किती जाईल याची चौकशी तर नाहीच. कोरलेले आकडे, रिव्हेटच्या रांगा, धाग्यांचे वेढे, यांवरूनच वस्तू कुणाची ते कळतं. टेप फिरवायची ती पंचनाम्याच्या वेळी.

भरपाईचं थोडक्यात : १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानाची जबाबदारी उड्डाण करणाऱ्या देशाची. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ कॅनडात पडला, त्यापोटी ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले गेले. लाडबोरीत कुणी जखमी झालं नाही.

[दृश्य : गुजरात, आणंद जिल्हा. शेतातला धातूचा गोळा.]

मे २०२२. पाडव्याला जेमतेम सहा आठवडे झालेत. आणंद जिल्ह्यात हे गोळे पडले, आणि मॅकडॉवेल यांनी पुन्हा लाँग मार्च ३बी कडेच बोट दाखवलं. इथे कड्याचं माप हाताशी नव्हतं, फक्त गोळे होते.